गोठ्यातला गाऊन सड्यावर

माझ्यावाचून जगात कुणाचं काही अडत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. फक्त एका म्हशीचं अडतं. त्या एका म्हशीपायी मी तेवीस वर्षं घराबाहेर मुक्काम केला नव्हता. शेवटचा मुक्काम माहेरी, बाळंतपणाचा. तेव्हा धारेला सासूबाई होत्या. सासूबाई गेल्या, बादली माझ्या हातात आली, आणि त्यानंतर मी कोडोलीच्या बाहेर जिथं जिथं गेले तिथून संध्याकाळच्या धारेच्या आत परत आले. भावाच्या लग्नात अक्षता टाकल्या, पहिल्या पंगतीला बसले आणि हात धुऊन सरळ एसटी स्टँड गाठला. वरात मी फोटोत बघितली.

म्हैस एकच होती असं नाही. आत्ताची तिसरी. हिची आई होती, त्याआधी आईची आई होती. तिघींची खोड एकच. माझा हात पाहिजे, माझ्या बांगड्या वाजल्या पाहिजेत, माझा वास आला पाहिजे. दुसरं कुणी बादली घेऊन बसलं की दूध चोरणार. पान्हाच सोडणार नाही, मग तुम्ही कितीही गोंजारा. आमचे हे सासूबाई गेल्यावर एकदाच बसले होते. लाथ बादलीला लागली म्हणून निभावलं. बादली शेजाऱ्यांच्या शेणीच्या ढिगात सापडली. त्यानंतर धारेच्या वेळी ते गोठ्याकडं फिरकले नाहीत. मी बारावी पास आहे, वाचनालयाची निम्मी पुस्तकं माझ्या हाताखालून गेली आहेत, पण गावात माझी ओळख विचाराल तर 'ती म्हशीवाली' एवढीच.

मुलगी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला होती. मशीनचे भाग बरोबर मापाचे निघालेत का, ते तपासायचं तिचं काम. तिकडंच दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची, सुटीला घरी यायची. गेल्या डिसेंबरात तिला चेन्नईला नोकरी लागली. फेब्रुवारीत जायचं ठरलं. जानेवारीतल्या एका सुटीला मी पेंड भिजवत होते, तेव्हा ती गोठ्याच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"आई, जायच्या आधी एक रात्र माझ्याबरोबर काढ. घराबाहेर."

"घरात काय झालं?"

"घरात तू साडेचारला उठतेस. आपण सड्यावर जाऊया, डोंगरमाथ्याच्या कातळावर. चंदगडच्या पलीकडं, वर जंगलात. तंबू माझा हाय."

"तंबूत राहायला आपण काय सर्कशीतली हाय व्हय गं?"

ती हसली नाही. म्हणाली, "अपेंडिक्सच्या वेळी तू रात्री नव्हतीस. तेवढी एक रात्र दे."

तिची बोलायची तऱ्हा कंपनीतली आहे. काय चुकलंय ते सांगायचं, आवाज चढवायचा नाही. माझा हात पेंडीत तसाच राहिला.

ती अकरा वर्षांची असताना तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. कोल्हापुरात, दवाखान्यात चार दिवस, तीन रात्री. मी सकाळची धार काढून डबा घेऊन आठला पोचायची, चारची एसटी धरून परत फिरायची. रात्री तिची आत्या असायची. म्हैस नऊ दिवसांची व्यायलेली होती. दूध तुंबलं तर कास सुजते, ताप येतो, सड कायमचा जातो. मग ती म्हैस काय कामाची? मी तेव्हा केलं ते बरोबरच केलं, असं मी बारा वर्षं सांगत आले आहे. कुणी विचारलं नव्हतं तरी.

"येते," मी म्हटलं.

म्हटलं खरं, पण धारेचं काय? ही तिसरीही नेमकी ताजी व्यायलेली. मी ह्यांना सांगितलं की दोन वेळची धार तुम्हाला काढायची आहे. ते म्हणाले, "बरं."

आमच्या ह्यांच्या 'बरं'ला अर्थ सात-आठ आहेत. कळलं, जमणार नाही, गप बस, जेवायला वाढ, तू म्हणशील तसं. तोंडाकडं बघितल्याशिवाय कुठला ते कळत नाही. हा 'तू म्हणशील तसं' होता.

मी सगळा बेत विचार करून केला. म्हैस माणूस ओळखत नाही, वास ओळखते. म्हणजे ह्यांनी माझा गाऊन घालायचा. माझ्याकडं दोन गाऊन आहेत, दोन्ही एकाच ताग्यातले, तांबड्यावर पिवळी फुलं. एक मी आठ दिवस पाण्याला लावलाच नाही. गोठ्यात तोच, शेणाला तोच, धारेला तोच. पाचव्या दिवशी तो खुंटीवरून उतरवल्यावर आपला आपण उभा राहील असं वाटायला लागलं. दुसरा धुऊन, वासाचा साबण लावून प्रवासासाठी ठेवला.

मग तालीम सुरू झाली. पहाटे गोठ्याचं दार आतून लावायचं, कारण गावात ही बातमी पसरली असती तर ह्यांना दूध डेअरीवर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. हे लेंग्यावर गाऊन चढवायचे. मिशा तशाच. डाव्या हातात माझ्या चार बांगड्या, त्या मनगटापाशीच अडकायच्या. मी म्हणायची, "बोला की तिच्याशी. मी म्हणते तसं. हो बाई, हो." ते म्हणायचे, "हो बाई, हो." सातबारा मागायला गेल्यासारखे. म्हैस मान वळवून त्यांच्याकडं बघायची आणि मग माझ्याकडं. चौथ्या दिवशी तिनं पान्हा सोडला. मी तिच्या तोंडाशी उभी होते. आठव्या दिवशी मी दाराबाहेर उभी राहिले, तरी सोडला. पण मी बाहेर खोकत होते, त्यामुळं ते गाऊनचं काम की खोकल्याचं, याची खात्री नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी मुलगी आली आणि तिनंच पिशवी भरली. "गाऊन घेतलास का?" मी आतून विचारलं. "घेतला," ती म्हणाली. विषय संपला.

पहाटे साडेतीनला साडी नेसूनच धार काढली आणि निघालो. कोल्हापूर, तिथून चंदगडची एसटी, तिथून वडापची जीप. वडापमध्ये माझ्या मांडीवर एका आजोबांचा नारळ होता, तो त्यांनी उतरताना मलाच दिला. शेवटच्या गावात वनखात्याचा गार्ड वाट बघत उभा होता. चाळिशीतला, हातात काठी, गळ्यात मफलर. त्यानं आमची नावं लिहून घेतली आणि नियम सांगितले. प्लास्टिक टाकायचं नाही, गाणी लावायची नाहीत, दगडांच्या रिंगणाबाहेर जाळ करायचा नाही, गवा दिसला तर फोटोला जवळ जायचं नाही.

"अक्का, पहिल्यांदाच व्हय?"

"व्हय."

"मग चप्पल बदला."

मी बदलली नाही. दोन तासांच्या चढात ती एकदा तुटली. मुलीनं स्वतःच्या एका बुटाची नाडी काढून बांधून दिली आणि एक शब्द बोलली नाही. मला तिनं बोललेलं चाललं असतं. खाली काजूच्या बागा होत्या, मग दाट रान लागलं, दुपार असून अंधारल्यासारखं. मग एकदम झाडं संपली आणि आम्ही सड्यावर आलो. सपाट जांभा दगड, वाळलेलं पिवळं गवत, चहूकडं वारा. पलीकडं डोंगर संपत होता आणि खाली नुसतं धुकं होतं. इतकं उंच मी आयुष्यात चढले नव्हते. जोतिबाला जाते, पण तिथं गाडी वरपर्यंत जाते.

"कॅम्प कुठाय?" मी विचारलं.

"हाच की," मुलगी म्हणाली.

तिथं काही नव्हतं. एक पाटी होती, एक दगडांचं रिंगण होतं, आणि लांब टोकाला गार्डची चौकी. पाणी खालच्या झऱ्यावरून आणायचं, पंधरा मिनिटं उतार, पंचवीस मिनिटं चढ. मुलीनं पिशवीतून एक खुरप्याएवढं फावडं काढून माझ्या हातात दिलं.

"हे कशाला?"

"संडासला. पन्नास पावलं लांब जायचं. खड्डा करायचा, नंतर बुजवायचा."

लग्नानंतर घरात संडास बांधा म्हणून मी सहा महिने घर डोक्यावर घेतलं होतं. सासऱ्यांशी अबोला धरला होता. आणि आता पोटची पोर मला फावडं देऊन, पावलं मोजून सांगत होती. आणि असल्या ठिकाणी ती याआधीही सुट्या घालवून आली होती. डोकं फिरलं होतं माझं, पण मी गेले. पर्याय नव्हता.

तंबू लावायला मात्र माझी गरज पडली. तिच्या खुंट्या बोटभर लांबीच्या, ॲल्युमिनियमच्या. जांभ्यात त्या शिरेनात. एक वाकली, एक उडून गवतात गेली. "आगं, ह्या खुंटीला रेडकूसुद्धा राहायचं न्हाई," मी म्हटलं आणि तिला बाजूला केलं. चार मोठे दगड लोटत आणले, दोऱ्यांना दाव्याची गाठ मारली, एक दोरी करवंदीच्या जाळीच्या बुंध्याला बांधली. मग तंबू हलवून बघितला. गार्ड लांबून बघत होता. म्हणाला, "अक्का, हितं इंजिनेर लोकं येत्यात, त्यांचं तंबू रात्री उडत्यात. तुमचा न्हाई उडायचा." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मुलीनं त्या गाठीचा फोटो काढला.

दिवस कलायला लागला तशी थंडी उतरली. मी गाऊन चढवून वर स्वेटर घालावा म्हणून पिशवीत हात घातला. गाऊन बाहेर यायच्या आधी वास बाहेर आला.

मी तो नाकाशी धरला.

"काय झालं?" मुलगी म्हणाली.

"हा गोठ्यातला हाय."

"दोन्ही सारखेच हायेत की. खुंटीवर दिसला तो घेतला."

"सारखे कुठले! धुतलेला घरात राहिला. ह्यांच्या अंगावर आत्ता साबणाचा वास असंल."

तिला तालमीचं काही माहीत नव्हतं, मी ते सगळं एका दमात सांगितलं. मिशा, बांगड्या, हो बाई हो. ती हसू दाबत होती ते मला दिसलं आणि माझा पारा चढला. "दात काढू नकोस! व्यायलेली म्हैस हाय ती. आज संध्याकाळ, उद्या सकाळ, छत्तीस तास दूध तुंबलं तर कास दगड हुईल तिची. मला खाली जायचं हाय. आत्ताच्या आत्ता."

ती उठली. म्हणाली, "चल." एवढंच. लगेच तंबूच्या दोरीला हात घातला. मी मारलेली गाठ तिला सुटेना. बारा वर्षांपूर्वी चारची एसटी धरताना मी मागं वळून बघितलं होतं, तेव्हा ती कॉटवर अशीच 'जा' म्हणाली होती. तेव्हाही भांडली नव्हती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "थांब जरा." मग चप्पल फरफटवत गार्डच्या चौकीकडं गेले.

शेवटचं वडाप गेलं होतं. मोबाईलला रेंज खालच्या गावातसुद्धा नाही, गार्ड म्हणाला. चौकीत वायरलेस होता.

"त्याच्यावरनं निरोप द्या की."

"अक्का, हा वणव्यासाठी हाय. गव्यासाठी हाय. गाऊनसाठी न्हाय."

"मग म्हशीसाठी हाय असं समजा. गव्याची चुलतबहीणच की ती."

त्यानं मफलर नीट केला. मग विचारलं, "किती दिसाची व्यायलेली?"

"वीस."

"आयला," तो म्हणाला आणि वायरलेस उचलला. त्याच्या घरी दोन म्हशी होत्या, ते नंतर कळलं.

माझ्याकडून ह्यांचा नंबर घेऊन त्यानं पलीकडं सांगितला, मग जे बोलला ते मी शब्दाला शब्द सांगते. "कोडोलीला एक फोन करा. निरोप असा, गोठ्यातला गाऊन चुकून सड्यावर आलाय, घरात हाय तो धुतलेला हाय. ओव्हर." पलीकडचा म्हणाला, परत सांगा. ह्यानं परत सांगितलं. पलीकडं बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज आला, "म्हैस व्यायलेली हाय काय? ओव्हर."

"व्यायलेली हाय. ओव्हर."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "निरोप दिला. घरचे म्हणाले, बरं. ओव्हर."

मी गार्डला विचारलं, "कुठलं बरं?" त्याला काय कळणार. तो म्हणाला, "अक्का, बरं म्हणजे बरं." सात-आठ अर्थांतला कुठला तो मला रात्रभर लागणार नव्हता. मी परत तंबूकडं आले. मुलगी दगडावर बसली होती, गाठ तशीच होती.

"राहते," मी म्हटलं. "एकदा म्हटलंय तर राहते."

रिंगणात जाळ केला. भाकरी, झुणका, खरडा मी आणला होता, वडापमधल्या आजोबांचा नारळ फोडला. गार्डला हाक मारली, तोही त्याच्या डब्यातलं वाळक्या मटणाचं कालवण घेऊन आला आणि भाकरीवर तुटून पडला. जेवता जेवता गव्यांचा कळप सड्याच्या कडेला आला. एक गाय, पोटाखाली लालसर वासरू लुचत होतं. एवढं मोठं जनावर, काळं कुळकुळीत, पाय मात्र पांढरे मोजे घातल्यासारखे. मुलगी श्वास रोखून बघत होती. मी कास बघत होते. चारी सड सारखे, कुठं सूज नाही.

तंबूत दोघींना पुरेल एवढीच जागा. गाऊन बाहेर ठेवला तर दवात भिजेल, आत ठेवला तर आम्ही मरू. थंडी इतकी वाजायला लागली की शेवटी मी तो घातलाच. मुलीनं नाक दाबलं आणि मग सोडलं. म्हणाली, "लहानपणी तुझा वास असाच यायचा." तिनं डोकं माझ्या दंडाशी आणलं. मोठ्या पोरी असं करत नाहीत, मला कुठं हात ठेवावा ते कळेना. वारा तंबूला धक्के देत होता. दाव्याच्या गाठी धरून होत्या.

"आई, दवाखान्यात त्या रात्री..." ती बोलायला लागली.

"झोप आता," मी म्हटलं. "थंडी लई हाय."

थंडीचा आणि बोलण्याचा काही संबंध नव्हता. मला ऐकायचं नव्हतं. भीती वाटत होती मला. तिच्या श्वासावरून ती झोपलेली नाही हे कळत होतं, आणि मीही झोपलेली नाही हे तिला कळत असणार.

मग कधीतरी माझा डोळा लागला. जाग आली ती बोटं दुखायला लागली म्हणून. रोजच्या वेळेला बोटांना काम लागतं. मी पांघरुणात मुठी मिटत होते, उघडत होते, अंगठा आत घेऊन, धार काढल्यासारखी. शेजारून मुलगी म्हणाली, "साडेचार झाले."

"घड्याळ न बघता कसं कळलं?"

तिनं कूस बदलली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. मला जागी करून स्वतः झोपली म्हणून मला रागच आला. उजाडेपर्यंत मी तंबूच्या तोंडाशी बसून राहिले. सडा दवानं पांढरा झाला होता. सूर्य वर आला तेव्हा खालच्या धुक्यातून एकेक डोंगर निघाला, आणि ते चांगलं होतं, पण माझ्या डोक्यात फक्त कास होती.

चंदगडच्या स्टँडवर रेंज आली. मी फोन लावला.

"दिलं का तिनं?"

पलीकडं ह्यांचा श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "तू ये सावकाश."

संपलंच. 'बरं' म्हणाले असते तरी चाललं असतं. चार तास एसटीत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला नुसती सुजलेली कास दिसत होती. मुलीनं एकदा माझ्या हातावर हात ठेवला. मी काढून घेतला. तिचा काय दोष, पण घेतला खरा.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळच्या धारेला अवकाश होता. मी पिशवी अंगणात टाकली, आतला गाऊन साडीवर चढवला आणि गोठ्यात शिरले. म्हैस वैरण खात होती. तिनं माझ्याकडं मान वळवली नाही. मी खाली बसून कासेला हात लावला. भरलेली होती, पण सकाळपासूनची जेवढी भरायला हवी तेवढीच. छत्तीस तासांची नव्हती. दगड नव्हता, गरम नव्हती. चारी सड मऊ. कोपऱ्यात बादली धुऊन पालथी घातलेली होती.

हे दारात येऊन उभे राहिले.

"कुणी काढली?"

"मी."

"धुतल्या गाऊनवर दिलं तिनं?"

"गाऊन घातलाच न्हाई. हातात घेतला तर साबणाचा वास आला. म्हटलं आता काय. बनियनवरच बसलो. निरोप आला तवा निम्मी बादली झालती."

"आणि बांगड्या?"

"न्हाईत घातल्या."

"हो बाई, हो म्हटलं?"

"न्हाई. गप बसलो. रेडकू लावलं, पेंड ठेवली. वेळ लागला जरा. मग सोडला पान्हा."

"आणि आज सकाळी?"

ते म्हशीकडं बघत म्हणाले, "सकाळी वेळ न्हाई लागला."

"फोनवर का नाही सांगितलं?"

"सांगणार हुतो. तुला बरं वाटंल का वाईट, ते मला कळंना."

मला आधी म्हशीचा राग आला. मग ह्यांचा. मी म्हटलं, "इतकं सोपं होतं तर इतक्या वर्षांत पुन्हा एकदा बसला का नाहीत?"

ते भांडायला आलेले नव्हते. साधं सांगितल्यासारखं म्हणाले, "तू सरकलीस कवा?"

खरंच, कधी सरकले मी? लाथ बसली त्या दिवशी मी बादली उचलून आणली होती आणि हसून म्हटलं होतं, तुम्हाला नाही जमायचं. म्हशीला माझ्यावाचून चालत नाही, हे सांगताना मला किती बरं वाटायचं ते मीच जाणे. सवय म्हशीला मी लावली, एकीला झाली की पुढचीला. आणि मग मला दुसरी म्हैस आठवली, हिची आई, नऊ दिवसांची व्यायलेली. तिनंही दिलं असतं. पहिल्या दिवशी वेळ लागला असता, दुसऱ्या दिवशी लागला नसता. निदान दुसऱ्या रात्री मी दवाखान्यात असते. मला लाज वाटली. गोठ्यात, ह्यांच्यासमोर, त्या मळक्या चपलेवर उभं राहून मला इतकी लाज वाटली की मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

धारेची वेळ झाली. मी बादली उचलली आणि ह्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली. काही बोलले नाहीत, बरंसुद्धा नाही.

मुलगी ओसरीच्या पायरीवर बूट काढत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. या वेळेला त्या पायरीवर मी कधी बसलेच नव्हते. ऊन कुठपर्यंत येतं ते मला माहीत नव्हतं.

"दवाखान्यातलं काय सांगत होतीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग गोठ्याकडं. "धार?"

"तुझे पप्पा काढतायत."

तिनं दुसऱ्या बुटाच्या नाडीला हात घातला. ती नव्हतीच, माझ्या चपलेला होती. नुसताच बूट हातात धरून म्हणाली, "विशेष काही नाही गं. रात्री जाग आली की आत्या झोपलेली असायची. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी त्याच्याकडं बघत पडायची. साडेचार वाजले की वाटायचं, आता आई उठली असंल. मग मला झोप लागायची."

"तिन्ही रात्री?"

"अजूनपण," ती म्हणाली. "खोलीवर पण. साडेचारशिवाय नाही लागत."

मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही. तिनं डोकं माझ्या दंडाशी आणलं, या वेळी मी हात ठेवला. माझ्या अंगावर अजून तोच गाऊन होता. गोठ्यात बादलीच्या तळावर पहिली धार वाजली, मग दुसरी, मग आवाज भरून आला. मी उठले नाही.